सेल्फ मारल्यावर फक्त ‘टक्’: जुना ट्रक, नवखे हात आणि घरात लहान मुले

चावी फिरवली की डॅशबोर्डवरचे दिवे लागतात, पण सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी विजेची मोटार) मारताच इंजिन फिरण्याऐवजी नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि पुढे काहीच होत नाही. जुन्या ट्रकची ही तक्रार मी स्वतःच्या गाडीवर आणि ओळखीच्या लोकांच्या गाड्यांवर अनेकदा निस्तरली आहे. नवखा माणूस अशा वेळी बहुधा थेट बॅटरी बदलून मोकळा होतो. नव्या बॅटरीत जोर असल्यामुळे आठ-पंधरा दिवस गाडी चालू होते, मग तोच ‘टक्’ परत येतो, आणि आता दोष कुठे शोधायचा हे त्याला कळेनासे होते. माझ्या अनुभवात हा दोष बॅटरीच्या आत असण्यापेक्षा तिच्या भोवतालच्या जोडांत अधिक वेळा सापडला आहे. म्हणूनच पैसे न लागणाऱ्या तपासण्या आधी आणि जॅक लावावा लागणारे काम सर्वांत शेवटी, हा क्रम मी कधीही मोडत नाही.

आधी मुलांचे ठिकाण, मग बॉनेट

माझी थोरली सहा वर्षांची आहे आणि धाकटा तीन वर्षांचा. त्यामुळे कामाची सुरुवात पान्यांपासून नव्हे, तर मुले कुठे आहेत आणि त्यांच्याजवळ कोण आहे, या प्रश्नापासून होते. ‘माझ्या नजरेसमोर खेळतील’ हे उत्तर चालत नाही, कारण डोके बॉनेटखाली गेल्यावर आपल्याला मागच्या चाकाजवळचे काहीही दिसत नाही. मुले दुसऱ्या मोठ्या माणसाजवळ, दाराच्या आत असली पाहिजेत, आणि तसे माणूस उपलब्ध नसेल तर त्या दिवशी काम करू नये. मी जमिनीवर खडूने रेघ मारून पाहिली होती. मुलांनी ती मनापासून पाळलीही, पण चेंडू रेघेपलीकडे गेला तेव्हा धाकटा त्याच्यामागे थेट बंपरखाली शिरला. तेव्हापासून रेघेवर भरवसा ठेवणे मी सोडले आहे.

यामागचे कारण तांत्रिक आहे आणि ते नीट समजून घ्यावे. बहुतेक जुन्या ट्रकमध्ये गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू नये अशी कोणतीही सोय नसते. गिअर पडलेला असताना सेल्फ लागला तर इंजिन चालू न होताही ट्रक पुढे उसळतो, कारण सेल्फची मोटारच चाके फिरवते. यांत्रिक पंप असलेल्या जुन्या डिझेल इंजिनाला एकदा चालू झाल्यावर चालत राहण्यासाठी विजेची गरज नसते, त्यामुळे त्यातली बरीच इंजिने चावी बंद करूनही थांबत नाहीत. इंजिनाचे डिझेल तोडणारी स्टॉपची केबल ओढावी लागते. म्हणून गाडी सपाट जागी, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे, केबिनची दारे कुलूपबंद आणि चावी आपल्या खिशात, अशी व्यवस्था झाल्याखेरीज पहिला पाना उचलू नये. तपासणीसाठी सेल्फ मारायचा असेल तेव्हा दर वेळी ट्रकला एक पूर्ण फेरी मारावी आणि खाली वाकून चाकांमागे पाहावे.

लक्षणे

गाडी चालू होत नाही एवढे म्हणून भागत नाही. कोणता आवाज येतो आणि त्या क्षणी दिव्यांचे काय होते, हे आधी टिपून ठेवावे. त्यासाठी हेडलाइट लावून दुसऱ्या मोठ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे आणि आपण गाडीच्या समोर नव्हे, तर बाजूला उभे राहून पाहावे.

‘टक्’ आवाज होऊन हेडलाइट एकदम मंद पडले किंवा विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा मुख्य जोडांपैकी एखादा सैल अथवा गंजलेला आहे. घाईने ‘टक-टक-टक’ असा आवाज येत असेल, तर सोलेनॉइड (सेल्फला बॅटरीची वीज जोडून देणारा चुंबकी खटका) पकडतो आहे आणि वीज अपुरी पडल्याने लगेच सोडतो आहे. याचीही कारणे तीच. इंजिन फिरते, पण रेटून-रेटून, जड फिरते, हा त्याच दोषाचा सौम्य अवतार आहे. ‘टक्’ होऊनही दिवे जसेच्या तसे प्रखर राहिले, तर वीज सेल्फच्या दारापर्यंत पोहोचते, पण मोटार ती घेत नाही किंवा तिची परतीची वाट खराब आहे, असा बहुधा अर्थ होतो. दिवे प्रखर आणि आवाज मुळीच नाही, तर चावीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतच्या बारीक वायरीत शोध घ्यावा लागतो. मोटार सुसाट फिरल्याचा आवाज येतो पण इंजिन हलत नाही, हा बेंडिक्सचा, म्हणजे सेल्फचे दात इंजिनाच्या चक्रात अडकवणाऱ्या भागाचा, दोष आहे आणि तो या लेखाच्या शेवटच्या टप्प्यात मोडते. दोन-तीन दिवस उभी राहिल्यावरच गाडी रुसते आणि रोज चालवली तर रुसत नाही, हे लक्षण अगदी वेगळे आहे. त्याकडे मी नंतर येईन.

पहिली तपासणी: हाताने

चावी बंद असताना बॅटरीची दोन्ही टर्मिनले हाताने फिरवून पाहावीत. हाताच्या जोराने टर्मिनल किंचितही सरकले, तर ते सैल आहे. सेल्फची मोटार शेकडो अँपिअर वीज ओढते, आणि एवढ्या प्रवाहासाठी जरासा ढिला जोडही मोठा अडथळा ठरतो. जोडामध्ये केवळ ०.०१ ओहम रोध असला आणि २०० अँपिअर प्रवाह वाहिला, तर त्या एका जोडावरच २ व्होल्ट खर्च होतात. डॅशबोर्डच्या दिव्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, म्हणून तो त्याच जोडावर लखलखीत पेटतो. दिवे लागतात म्हणजे जोड चांगला आहे, हा समज येथेच चुकतो.

दोन-तीनदा सेल्फ मारून झाल्यावर चावी बंद करून प्रत्येक जोडाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. जो जोड ऊबदार लागतो, तोच बहुधा दोषी असतो, कारण वाया गेलेली वीज तेथे उष्णता होऊन बसलेली असते. मुठीत मात्र धरू नये. खराब जोड चटका बसण्याइतका तापू शकतो.

दुसरी तपासणी: टर्मिनल उघडून साफ करणे

वरून घट्ट आणि स्वच्छ दिसणारे टर्मिनलही एकदा उघडावेच, कारण काळपट थर बॅटरीचा खांब आणि त्यावर बसणारे वायरीचे कडे यांच्या मधोमध, न दिसणाऱ्या जागी असतो. हातातले घड्याळ आणि अंगठी काढावी, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावावा. नुकतीच चार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की एका ठिणगीने पेट घेतो, त्यामुळे जवळपास विडी-काडी नको. निगेटिव्ह टर्मिनल आधी काढावे आणि शेवटी बसवावे. बॉडी निगेटिव्हला जोडलेली असल्यामुळे, पॉझिटिव्ह काढताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेले असेल तर काहीही होत नाही.

पांढऱ्या किंवा निळसर-हिरव्या भुकटीवर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा ओतावा. फेस येतो तो आम्ल मारले जात असल्याचा असतो. हे पाणी बॅटरीच्या बुचांतून आत जाता कामा नये. फेस थांबल्यावर ओल्या फडक्याने पुसून मग वायर ब्रशने किंवा पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासावा. जोड घट्ट आवळल्यानंतर वरून पेट्रोलियम जेली लावावी, आधी नव्हे.

येथे मुलांच्या दृष्टीने एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. बॅटरीचे खांब शिशाचे असतात आणि त्यांच्यावरची भुकटीही शिसेयुक्त असते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला बाधक आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही. म्हणून कोरडे घासून धूळ उडवू नये, वापरलेले फडके आणि पॉलिश पेपर पिशवीत बांधून टाकावेत, आणि साबणाने हात-तोंड धुऊन कपडे बदलल्याशिवाय मुलाला कडेवर घेऊ नये. बॅटरीतले द्रव हे सौम्य केलेले गंधकाम्ल असते. ते कोणाच्या डोळ्यांत गेलेच, तर वाहत्या स्वच्छ पाण्याखाली डोळा उघडा धरून किमान १५ मिनिटे धुवावा आणि तडक दवाखाना गाठावा. सोड्याचे पाणी डोळ्यांत कधीही घालू नये.

तिसरी तपासणी: अर्थिंग

टर्मिनले साफ करूनही दोष परत आला, तर माझा संशय अर्थिंगवर, म्हणजे वीज बॅटरीकडे परत येण्याच्या वाटेवर, जातो, आणि तो क्वचितच खोटा ठरतो. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड वायर चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) जाते. आणि इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे, त्याला चेसिसशी जोडणारी एक वेगळी विणलेली पट्टी असते. वीज जितकी जाते तितकीच परत यावी लागते, पण जाणाऱ्या लाल वायरीकडे सगळे पाहतात आणि परतीच्या पट्टीकडे कोणी पाहत नाही.

माझ्या ट्रकची ही पट्टी वरून बघता धडधाकट होती. तिचा बोल्ट सोडला तेव्हा कड्याखालून राखाडी-हिरवी भुकटी गळून पडली, आणि पट्टी बोटांत जरा वाकवताच विणीतले निम्मे तंतू आधीच तुटलेले आहेत हे दिसले. चेसिसला रंग देताना कोणीतरी बोल्टाखालची जागाही रंगवली होती, त्यामुळे कड्याला उघडा धातू फक्त बोल्टाच्या आट्यांपुरता मिळत होता. मी तोवर एक बॅटरी बदलून चुकलो होतो. जुनी बॅटरी चांगली होती, हे मला त्या क्षणी कळले.

पट्टी न उघडताही हे तपासता येते. जम्पर केबलचे (दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरीचे) एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट पकडवावे, केबल पंखा आणि पट्ट्यापासून दूर ठेवावी आणि सेल्फ मारावा. इंजिन एकदम झपाट्याने फिरले, तर परतीची वाट खराब आहे. हा दोष अंगावर काढू नये. पट्टी तुटली की वीज क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वाट काढते आणि त्या केबली तापून जळू शकतात.

चौथी तपासणी: मल्टिमीटर

येथपासून मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर मोजणारा मीटर, लागतो. साध्यातला साधाही पुरतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर चांगल्या भरलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसतात, १२.२ म्हणजे ती साधारण निम्मी उतरली आहे, आणि १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करावी, मगच पुढचे निष्कर्ष काढावेत. उतरलेल्या बॅटरीवर केलेल्या बाकीच्या तपासण्या दिशाभूल करतात. सेल्फ मारत असताना हा आकडा ९.६ च्या वर टिकला पाहिजे. उभ्या गाडीत १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७-८ वर कोसळत असेल, तर आता तिला दोष द्यायला हरकत नाही.

मोठ्या ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. तेथे दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजाव्यात. केबिनमधला गाण्यांचा संच किंवा जादा दिवा एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेत असेल, तर ती सतत मागे पडते आणि जोडीदारालाही घेऊन बुडते. अशा वेळी एकच बॅटरी बदलणे म्हणजे नवीला जुनीच्या ओझ्याखाली घालणे आहे; बदलायच्या तर दोन्ही एकदम बदलाव्यात.

जोडांची खरी परीक्षा मात्र ओझ्याखाली होते. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगावे. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थिंगच्या वाटेत अडथळा आहे. तसेच पॉझिटिव्ह खांब आणि सेल्फवरचा जाड वायरीचा नट यांच्यात ०.५ व्होल्टपेक्षा जास्त नको. सेल्फचा नट वरून हाताला येत नसेल, तर ही दुसरी मोजणी सोडून द्यावी. मीटर अँपिअरच्या खाचेत लावून सेल्फ कधीही मारू नये, तो जळेल.

इंजिन चालू झाले, तर त्याच बैठकीत चार्जिंगही पाहावे. १२ व्होल्टच्या गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. त्याहून बरेच कमी असतील, तर इंजिन बंद करून अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचा) पट्टा अंगठ्याने दाबावा. लांब बाजूच्या मध्यावर तो साधारण एक सेंटिमीटर दबणे योग्य, त्याहून फार सैल असेल तर घसरतो. चालू इंजिनाजवळ सैल बाह्या, ओढणी किंवा गळ्यातला गमछा नको.

उभ्या गाडीची बॅटरी उतरते तेव्हा

माझ्या ट्रकची तिसऱ्यांदा बॅटरी उतरली तेव्हा टर्मिनले, अर्थिंग, चार्जिंग सगळे ठीक होते. एका रात्री पाणी प्यायला उठलो असता खिडकीतून ट्रकच्या केबिनमध्ये एक पिवळट, मिणमिणता उजेड दिसला. धाकट्याला स्टिअरिंगशी बसून गाडी चालवल्याचा खेळ फार आवडतो, आणि त्या खेळात तो छतावरच्या दिव्याचा खटका दाबत असे. दिवसाच्या उजेडात तो दिवा लागलेला आहे हे कळतच नव्हते. ५ वॅटचा असा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो. म्हणजे २४ तासांत जवळपास १० अँपिअर-तास. ६० अँपिअर-तासांची बॅटरी तीन दिवसांत निम्मी होते, आणि जुनी, दमलेली बॅटरी त्याच्याही आधी.

लहान मुले असलेल्या घरात म्हणून केबिनचे सगळे खटके ही पहिली, बिनखर्चाची तपासणी आहे. आता माझ्या ट्रकची केबिन नेहमी कुलूपबंद असते. बॅटरीपेक्षाही अधिक यासाठी, की हँडब्रेक आणि गिअरचा दांडा तीन वर्षांच्या हातांनाही हलवता येतो.

खटके बंद असूनही बॅटरी उतरत असेल, तर चावी काढून, दारे लावून, निगेटिव्ह टर्मिनल सोडावे आणि मीटर अँपिअरच्या १० च्या खाचेत ठेवून टर्मिनल व खांब यांच्यामध्ये जोडावा. जुन्या साध्या गाडीत ०.०५ अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह दिसू नये. जास्त दिसला, तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजने आकडा खाली येतो, त्याच्या वायरीवर चोर बसलेला आहे. सगळे फ्यूज काढूनही फरक पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गेलेला असू शकतो, आणि ते काम कारागिराकडे द्यावे.

येथे थांबावे

दिवे प्रखर, जोड स्वच्छ, बॅटरी भरलेली आणि तरीही ‘टक्’ येत असेल, तर बहुधा सोलेनॉइड, मोटारीचे कार्बन (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) किंवा बुश (मोटारीचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) झिजलेले आहेत. सेल्फ उतरवून हे दुरुस्त होते, पण नवख्याने तो उतरवू नये असे मी स्पष्टपणे सांगतो. सेल्फ जड असतो, बहुधा गाडीखालूनच सुटतो, आणि त्याच्या नटावर बॅटरीची वीज फ्यूजशिवाय अखंड असते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, आणि मोठा ट्रक घरच्या साधनांनी उचलूच नये.

सेल्फच्या दोन नटांवर स्क्रू-ड्रायव्हर आडवा टेकवून गाडी चालू करण्याची युक्ती तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल. ती करू नये. केबिनमध्ये कोणी नसताना, गिअर पडलेला असताना इंजिन पकडले, तर ट्रक टेकवणाऱ्याच्या अंगावरून जातो, आणि बाजूला मूल असेल तर त्याला हटायला वेळ मिळत नाही.

बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली, तिला कुजक्या अंड्यासारखा वास आला, एखादी वायर वितळलेली आढळली किंवा सेल्फ चावी सोडूनही फिरतच राहिला, तरीही काम तेथेच सोडावे. शेवटच्या बाबतीत निगेटिव्ह तोडता आले तर तोडावे. जुन्या गाडीला बॅटरीचा मेन स्विच बसवून घेतला असेल, तर तो अशाच वेळी उपयोगी पडतो.

कारागिराला बोलावण्यापूर्वी मी हात धुऊन घरात येतो आणि आकडे सांगतो, ते थोरली तिच्या वहीत लिहून घेते: उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे व्होल्ट, इंजिन चालू असतानाचे व्होल्ट, अर्थिंगवरचे व्होल्ट, आवाज कसा आला, दिवे मंद झाले की नाही, आणि कोणते जोड कधी उघडले. वहीतला तो कागद मी कारागिराच्या हातात देतो आणि तो थेट सेल्फपासून सुरुवात करतो.